लखोट्यावरचे नाव

धार संस्थानाने १८९७ साली स्वतःची टपाल-तिकिटे काढली होती, ही गोष्ट आज धारमध्येही फार थोड्यांना ठाऊक असेल. खिळे जुळवून छापलेली, देवनागरी मजकुराची ती साधीशी तिकिटे होती. त्यांच्याविषयी एक बाब मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. छापखान्यातून कागद बाहेर पडला म्हणजे तिकीट तयार झाले, असे दरबार मानीत नसे. छापलेल्या तिकिटावर काळ्या शाईचा लंबगोल शिक्का हाताने उठवला जाई आणि मगच ते टपालाच्या कामी येई. हा शिक्का उठवायचा राहून गेलेली काही तिकिटे आज संग्राहकांच्या सूचींत वेगळी नोंदलेली आढळतात. १९०१ च्या मार्चअखेर ही संस्थानी तिकिटे बंद झाली आणि धारचे पत्रव्यवहार सर्वसाधारण हिंदुस्थानी टपालात मिसळून गेले.

छापील कागद पुढे आला तरी त्यावर आणखी एक खूण मागणारी ही सावध वृत्ती आपल्या पूर्वजांच्या अंगी मुरलेली होती. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र आजच्या टपालाचा आहे. घरच्या संगणकावर ई-मेल येते, तिच्यासोबत एखादी फाईल जोडलेली असते, जिला आपण अटॅचमेंट म्हणतो, आणि ओळखीचे नाव दिसताच आपला हात ती उघडण्यासाठी पुढे होतो. या एका कृतीतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर जी हानी झाली, तिचा इतिहास आता लिहिण्याजोगा झाला आहे. तो वाचताना मला वारंवार जाणवले, की यातले बरेचसे धडे आपल्या जुन्या दप्तरांत आधीच गिरवलेले होते.

हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या घरचे मोडी कागद स्कॅन करण्याचे काम चालू होते. काही रुमाल पुण्याला पुतण्याकडे पाठवले होते आणि तो तिकडून पाने स्कॅन करून ई-मेलने धाडीत असे. एके सायंकाळी 'स्कॅन केलेला कागद' अशा अर्थाच्या इंग्रजी मथळ्याचे एक पत्र आले. मी वाट पाहतच होतो. पाठवणाऱ्याचे नाव नीट वाचलेही नाही. सोबतची वर्ड फाईल उघडली. आत काही अगम्य अक्षरे दिसली आणि मजकूर नीट दिसण्यासाठी वरच्या पिवळ्या पट्टीतील बटण दाबावे, अशी सूचना होती. मी ते दाबले. काहीच घडले नाही, असे वाटून संगणक तसाच चालू ठेवून जेवायला गेलो.

जेवून परत आलो तेव्हा माझ्या सर्व फाईलींची नावे बदललेली होती, एकही उघडत नव्हती, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. मोडी कागदांचे मूळ रुमाल शाबूत असल्याने ती पाने पुन्हा स्कॅन करता आली. पण त्याच संगणकावर माझ्या आत्याने नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. ते फक्त तिथेच होते. आत्या त्याआधीच गेलेल्या होत्या. ओव्यांतल्या पुष्कळ ओळी आम्हा कोणालाच पाठ नव्हत्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

दप्तरातली शहानिशा

पवारांच्या स्वाऱ्यांबरोबर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जी मराठी घराणी माळव्यात आली आणि धार व देवास येथे स्थिरावली, त्यांचे सारे जीवन पत्रांवर अवलंबून होते. पुण्याची आज्ञा, सातारकरांची सनद, देशावरच्या वतनाची खबर, सगळे काही जासुदाच्या पिशवीतून येई. ज्या कागदावर जमीन, पगार आणि प्रसंगी प्राण अवलंबून, तो खरा की खोटा हे ठरवण्याची रीतही मग तितकीच काटेकोर असणे भाग होते.

जुने मराठी राजपत्र पाहिले, तर त्याच्या शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब दिसते. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' आणि पेशवाईतील पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' ही मुद्रा असे. पत्र कोणाचे हे शिक्क्यावरून कळे. मोर्तबाचे काम निराळे होते. मजकूर येथे संपला, याखाली कोणी चार ओळी वाढवल्या तर त्या आमच्या नव्हेत, असे ते सांगे. लांबलचक पत्रासाठी कागद एकाला एक डकवीत, आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्यावर मागल्या बाजूने शिक्के उठवीत. म्हणजे पाठवणारा खरा आहे का, आणि मजकूर जसाच्या तसा पोचला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची दप्तरदारांना पूर्ण जाण होती.

हे दोन प्रश्न एक मानल्याने काय होते, याची आपल्या भाषेतील सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे 'ध' चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, असे सांगतात. ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी हे उचित. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली, कारण तिच्यातली भीती खरी आहे. चिठ्ठी खऱ्या धन्याची, हस्ताक्षर खरे, आणून देणारा ओळखीचा, आणि तरीही आतला एक शब्द घातक. या कथेचा पुढला धागा तर आपल्याच गावात येऊन पोचतो. पुण्याच्या कारभाऱ्यांशी वैर पत्करलेल्या राघोबादादांनी गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयास ठेवले आणि तेथेच १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. किल्ल्याच्या त्या तांबड्या तटावरून चालताना मला ही चिठ्ठी आठवल्यावाचून राहत नाही.

देवासची गोष्ट आणखी वेगळी. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत शेजारी शेजारी नांदली. दोन्ही राजघराणी पवारांचीच, दोघांचेही गाव देवास. अशा ठिकाणी लखोट्यावर केवळ 'देवास दरबार' एवढे वाचून कोणा शहाण्या कारकुनाचे समाधान झाले नसते. कोणत्या पातीचा शिक्का, हे पाहावेच लागे. नाव सारखे असले म्हणून ठिकाण सारखे नसते, हा धडा देवासकरांना वेगळा शिकवण्याची गरज नव्हती.

सावकारांची रीतही लक्षात घेण्याजोगी होती. हुंडी लिहून देणारा सावकार परगावच्या पेढीला निराळ्या पत्राने त्या हुंडीची आगाऊ सूचना धाडीत असे. हुंडी घेऊन माणूस दारात उभा राहिला, तरी ती सूचना आलेली आहे की नाही हे पाहून पेढी पैसे मोजी. ज्या वाटेने मागणी आली, त्या वाटेनेच तिची खातरजमा करायची नाही, दुसऱ्या वाटेने करायची, हे या व्यवहाराचे मर्म होते. १८५२ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले आणि घरोघरच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा देशावरच्या आपल्या अनेक भाऊबंदांना अस्सल, नक्कल आणि बनावट यांतला भेद कसा जिव्हाळ्याचा असतो, हे पुन्हा एकदा कळले.

फाईल जोडण्याचा इतिहास

आता या नव्या टपालाकडे वळू. रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाणारा पहिला संदेश धाडला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध 'ॲट' चिन्ह योजले. पुढे १९८२ मध्ये ई-मेलच्या दळणवळणाचा नियम ठरला. तो लिहिणारे संशोधक एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे 'प्रेषक' म्हणून जो जे नाव लिहील ते खरे मानावे, अशीच त्याची बांधणी राहिली. पोस्टाच्या पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसाच हा प्रकार. नंतरच्या काळात पाठवणाऱ्या ठिकाणाची खातरजमा करणाऱ्या अंकीय सह्या निघाल्या, आणि घाऊक पत्रे धाडणाऱ्यांना गूगल व याहू यांनी २०२४ च्या फेब्रुवारीपासून त्या सक्तीच्या केल्या. हे आधुनिक मोर्तबच म्हणायचे. पण पत्र अमुक ठिकाणाहून निघाले, एवढेच ते सांगते. त्या ठिकाणी लिहायला बसलेला माणूस कोण होता, हे ते सांगू शकत नाही.

आरंभी ई-मेलमधून केवळ साधा मजकूर जाई. चित्र, आवाज वा अन्य फाईल जोडून धाडण्याची सर्वमान्य पद्धत नॅथॅनिएल बोरेन्स्टीन व नेड फ्रीड यांनी सिद्ध केली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टीन यांनी त्या पद्धतीने धाडलेल्या पहिल्या पत्राला आपल्या हौशी गायक-चौकडीचे छायाचित्र आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण जोडलेले होते. मला ही गोष्ट वाचून आत्याच्या ओव्या आठवल्या. अटॅचमेंटचा जन्मच मुळी घरगुती आनंद वाटून घेण्यासाठी झाला होता.

व्हायरस मात्र त्याआधीच जन्मले होते. लाहोरमधील दोघा भावांनी १९८६ मध्ये केलेला 'ब्रेन' हा फ्लॉपीवरून पसरे, म्हणजे त्याला एका यंत्रातून दुसऱ्यात जायला माणसाचा हात लागे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी वर्डच्या कागदात लपून राहणारा 'कॉन्सेप्ट' हा व्हायरस सर्वत्र दिसू लागला. तोवर कार्यक्रमाच्या फाईली घातक आणि लिहिलेले कागद निर्धोक, अशी समजूत होती. वर्डच्या फाईलमध्ये 'मॅक्रो' नावाची छोटी आज्ञावली ठेवता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. ती समजूत तिथे संपली.

१९९९ च्या जानेवारीत नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून एक फाईल फिरू लागली. उघडली की पडद्यावर आतषबाजी दिसे, आणि मागे ती आपल्या पत्रांना स्वतःची प्रत जोडू लागे. मार्चच्या २६ तारखेस 'मेलिसा' आला. तो वर्डच्या कागदातून येई, आणि उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांना त्याच्याच नावाने पत्र धाडी. येथे लखोट्यावरचे नाव खरे होते. पत्र खरोखर त्या स्नेह्याच्या यंत्रावरूनच निघालेले होते. फक्त ते त्याने लिहिलेले नव्हते.

४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या प्रेमपत्राने या प्रकाराला कळस चढवला. मथळा 'आय लव्ह यू', आणि सोबत प्रेमपत्र म्हणवणारी फाईल. तिच्या नावाअखेरीस 'टीएक्सटी' हे साध्या मजकुराचे शेपूट दिसे. खरे शेपूट त्याच्याही पुढे होते, 'व्हीबीएस', म्हणजे संगणकाला आज्ञा देणारी लिपी. विंडोज ही प्रणाली परिचित शेपटे आपणहून झाकून ठेवते, त्यामुळे ते कोणाला दिसले नाही. ती फाईल घरातील छायाचित्रांच्या फाईलींवर स्वतःची प्रत चढवी आणि पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाकडे जाई. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहालाही आपली ई-मेल काही काळ बंद ठेवावी लागली. संशयित तरुण सापडला, पण फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा कृत्याला कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. तेथील कायदा १४ जून २००० रोजी झाला. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान अधिनियमास ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली होती आणि तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. व्हायरस सोडणाऱ्यावर त्या कायद्याने नुकसानभरपाईचे दायित्व आले.

पुढील काही वर्षांत एकेक युक्ती जन्माला आली. २००१ चा 'सरकॅम' आपल्याच संगणकावरील एखादा खाजगी कागद उचलून परक्यांना धाडी. 'क्लेझ' प्रेषकाचे नाव तिसऱ्याचेच लावी, त्यामुळे ज्याला दोष द्यावा तो निरपराध निघे. २००४ चा 'मायडूम' पत्र परत आल्याच्या सूचनेचे सोंग घेई. त्याच वर्षी 'बेगल'ने झिप फाईलला कुलूप घालून किल्ली पत्रातच लिहून देण्याची चाल काढली, जेणेकरून तपासनिसाला आत डोकावता येऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत 'निक्झेम' हा व्हायरस दर महिन्याच्या ३ तारखेस वर्ड, एक्सेल, पीडीएफ आदी कागद पुसून टाकी. लागण झालेल्या देशांत भारताचा क्रमांक वरचा होता.

या लढ्यात मराठी माणूस मागे नव्हता. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांनी दहावीनंतर शाळा सोडून रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले, पुढे पुण्यात दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा उपद्रव वाढू लागला, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यातून 'क्विक हील' हे नाव पुढे आले, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. शासनानेही २००४ मध्ये 'सर्ट-इन' ही संस्था स्थापली.

तथापि २०१३ च्या 'क्रिप्टोलॉकर'पासून हेतूच पालटला. पूर्वी नाव गाजवण्यासाठी उपद्रव होई, आता खंडणीसाठी होऊ लागला. फाईली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीचे मोल मागायचे. २०१६ चा 'लॉकी' खोटी बिले आणि खोटे स्कॅन घेऊन दाराशी येई. माझ्या दाराशी आला तो त्याच्याच जातीचा असावा. 'इमोटेट' तर चोरलेल्या जुन्या पत्रव्यवहारातच उत्तर म्हणून शिरे, म्हणजे आपण खरोखर लिहिलेल्या पत्राखाली त्याची फाईल येई. अनेक देशांच्या पोलिसांनी २०२१ च्या जानेवारीत तो मोडून काढला, तरी नोव्हेंबरात तो पुन्हा उगवला. 'ध' चा 'मा' करण्याची ही अगदी आधुनिक तऱ्हा होय. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो आपणहून बंद ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा चोरांनी 'वननोट'सारख्या दुसऱ्या फाईलींची वाट धरली. २०२४ च्या लग्नसराईत हिमाचल प्रदेशाच्या पोलिसांना लोकांना सावध करावे लागले, की व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी 'एपीके' फाईल उघडू नका, ती पत्रिका नसून फोनचा ताबा घेणारी आज्ञावली आहे.

आपल्या घरचा संगणक

आपल्या घरांची स्थिती थोडी वेगळी आहे, हे मान्य केले पाहिजे. मुले पुणे, बंगळूर, अमेरिका येथे, आणि वाड्यात दोन वृद्ध माणसे. ई-मेल आणि फोन हाच मुलाबाळांशी धागा. नातवाचा फोटो आला असे वाटले की आजीचा हात थांबत नाही, आणि तो थांबावा असे म्हणणेही क्रूरपणाचे वाटते.

मराठी वाचकाची एक जुनी सवयही येथे आड येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी पत्रासोबत पुष्कळदा फाँटही धाडावा लागे. आलेली फाईल बसवल्याखेरीज अक्षरांच्या जागी चौकोन आणि खुणा दिसत. 'वाचता येत नसेल तर सोबतची फाईल बसवा' ही सूचना आपण वर्षानुवर्षे मुकाट्याने पाळली. आज मराठी वाचण्यासाठी कोणत्याही संगणकावर अशी फाईल बसवावी लागत नाही. मजकूर दिसण्यासाठी हे बटण दाबा किंवा ते बसवा, असे जे पत्र सांगते, त्याचा पहिला संशय घ्यावा. मी नेमका तिथेच फसलो.

यास्तव जुन्या दप्तराची शिस्त घरी कशी पाळता येईल, हे थोडक्यात सांगतो. नावावर न थांबता पत्ता पाहावा. 'पुतण्या' असे नाव वर दिसले तरी त्यावर टिचकी मारली की खरा पत्ता उलगडतो. थोरली पाती की धाकटी, हे तिथे कळते. पत्ता खरा निघाला तरी फाईल अनपेक्षित असेल, तर उघडण्यापूर्वी फोन करून विचारावे, 'काही धाडलेस का रे?' त्याच पत्राला उत्तर देऊन मात्र विचारू नये. खाते चोराच्या हाती असेल, तर उत्तरही चोरच देईल. सावकाराची सूचना दुसऱ्या वाटेने येत असे, ती याचसाठी.

फाईलचे शेपूट दिसेल अशी व्यवस्था विंडोजमध्ये करून घ्यावी. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' सूचीतील एका खुणेने ते होते. 'ईएक्सई', 'जेएस', 'व्हीबीएस', 'एससीआर' अशी शेपटे असलेल्या फाईलींना घरगुती पत्रव्यवहारात काहीच काम नसते. दोन शेपटे दिसली तर शेवटचे तेवढे खरे. पत्रातच किल्ली लिहून दिलेली कुलूपबंद झिप फाईल परकी समजावी. कागद किंवा छायाचित्र पाहायचे असेल, तर संगणकावर उतरवून घेण्याऐवजी ई-मेलच्या पानावरच पाहावे. तिथे ते बव्हंशी केवळ चित्रासारखे दिसते आणि आपल्या यंत्रावर काही चालवले जात नाही. वर्ड वा एक्सेलने 'एनेबल कन्टेंट' असे विचारले तर नकार द्यावा.

यंत्राची डागडुजीही वेळेवर हवी. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अनेक घरांत अजून तोच संगणक आहे. तो बदलावा वा नवी आवृत्ती घालून घ्यावी. अँटिव्हायरस असावाच, पण तो पहारेकरी आहे. आपण स्वतः दार उघडून चोराला आत बोलावले, तर पहारेकऱ्याचे दर वेळी चालतेच असे नाही. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. लाजेपायी गप्प बसू नये. चोरांचा अर्धा धंदा आपल्या लाजेवर चालतो.

आणि शेवटची गोष्ट नकलेची. जुन्या दप्तरात महत्त्वाच्या पत्राची नक्कल ठेवल्याशिवाय अस्सल बाहेर जात नसे. घरची छायाचित्रे, कागद, ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्कही खंडणीखोर कुलूपबंद करतो, म्हणून सोडवणे महत्त्वाचे. आणखी एक प्रत दुसऱ्या गावी, मुलांकडे असावी.

इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिला. तिथून आणि आधीच्या १९१२-१३ मधील मुक्कामातून त्याने घरी धाडलेली पत्रे कोणीतरी जपून ठेवली, म्हणून १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक निघू शकले आणि त्या काळचे देवास आज वाचता येते. ते कागद होते, पेटीत पडून राहिले. आपली पत्रे आणि आपले आवाज आता पेटीत पडून राहत नाहीत. त्यांना जपावे लागते.

देवासच्या माणसाला हे अवघड वाटू नये. तिथे बँक नोट प्रेस आहे. पाचशेची नोट हाती आली की ती उजेडाकडे धरून आतले चित्र पाहायचे, हे तिथल्या भाजीवाल्यालाही शिकवावे लागत नाही. आणि त्यात देणाऱ्याचा अपमान कोणी मानीत नाही. पुतण्याला फोन करून 'हे तूच धाडलेस ना?' असे विचारण्यातही त्याचा अपमान नाही. माझा पुतण्या आता फाईल धाडण्यापूर्वी स्वतःच फोन करतो. काम दोन शब्दांचे असते, पण मग आम्ही अर्धा तास बोलत बसतो. परवा बोलता बोलता त्याला आत्याची एक ओवी अर्धी आठवली. उरलेली अर्धी मला आठवली. ती मी कागदावर उतरवून घेतली आहे, आणि तिच्या दोन नकला केल्या आहेत.